गाण्याचे मोल आणि गाणाऱ्यांचा वाटा

मुंबईच्या ‘डर्ज’ या संगीतपथकाने २०१८ साली ‘आह पुच’ ही ध्वनिमुद्रिका काढली. आह पुच हा मध्य अमेरिकेतील माया लोकांचा मृत्युदेव. विद्युत-गिटारीच्या मंद, खर्जातल्या आणि विषण्ण स्वरांवर उभ्या असलेल्या या संगीताला ‘डूम मेटल’ म्हणतात. या आणि अशा कर्कश समजल्या जाणाऱ्या संगीतातील अनेक पथके मूलनिवासींच्या वारशाकडे वळली आहेत. ब्राझीलच्या ‘सेपल्तुरा’ने तर ‘रूट्स’ या १९९६च्या ध्वनिमुद्रिकेसाठी शावांते आदिवासींच्या गावी जाऊन त्यांच्यासमवेत ध्वनिमुद्रण केले.

या ओढीची टिंगल करण्याचे कारण नाही. डूम मेटलचे मूळच मुळी कारखान्यात आहे. बर्मिंगहॅमच्या ‘ब्लॅक सॅबथ’चा गिटारवादक टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात काम करीत असताना यंत्राखाली त्याच्या दोन बोटांची टोके तुटली. दुखऱ्या बोटांना झेपावे म्हणून त्याने पुढे तारा सैल केल्या आणि त्यातून तो जड, खोल नाद घडत गेला. कामगाराच्या जखमेतून जन्मलेल्या संगीताला उद्ध्वस्त केलेल्या संस्कृतींचे दुःख जवळचे वाटावे, हे स्वाभाविकच आहे. प्रश्न उसनवारीचा नाही, तिच्या अटींचा आहे.

तैवानमधील अमी जमातीचे वृद्ध गायक दिफांग यांचा आवाज ‘एनिग्मा’च्या एका गाण्यात त्यांना न विचारता वापरला गेला. ते गाणे १९९४ साली जगभर गाजले आणि १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकच्या प्रचारातही वाजले. दिफांग यांना न्यायालयाची पायरी चढावी लागली, तेव्हा १९९९ साली तडजोड झाली. ध्वनिफितीवरचा आवाज बाजाराने रानातल्या लाकडासारखा बेवारस मानला होता.

नागपूरच्या कळमना बाजारात संत्र्यांची आवक झाली की बोली लागते, काट्यावर वजन होते आणि शेतकऱ्याच्या हाती हिशेबपट्टी पडते. त्या हिशेबात शेतकरी नागवला जातो हे खरे. परंतु माल कोणाचा, हा प्रश्न तिथे उपस्थित होत नाही. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने अठराव्या शतकाच्या आरंभी जे नागपूर वसवले, त्याच नगरीत गोंडांच्या गाण्याला मात्र ना काटा, ना पट्टी.

यावर ‘लोककला ही सर्वांची असते, तिला किंमत कसली?’ असे उत्तर मिळते. ते इतिहासाला धरून नाही. परधान हे गोंडांचे परंपरागत भाट. बाना हे तंतुवाद्य वाजवून ते देवांच्या आणि राजांच्या कथा गात, आणि यजमान कुटुंबे त्यांना दान देत. शामराव हिवाळे यांनी परधानांवरील आपल्या १९४६च्या इंग्रजी ग्रंथात या नात्याचे दर्शन घडवले आहे. म्हणजे गाणे समाजाचे होते, पण गाणाऱ्याचा वाटा ठरलेला होता. पुढे यजमानाचीच जमीन आणि जंगल गेले, तिथे दान कोठून उरणार? गाणे फुकट असते, ही परंपरेची नव्हे, बाजाराची शिकवण आहे.

कायदाही बाजाराच्याच बाजूने झुकतो. १९५७चा कॉपीराइट कायदा एका ज्ञात कर्त्याला त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे संरक्षण देतो. पिढ्यान्‌पिढ्यांनी रचलेल्या गाण्याला कर्ताच सापडत नाही. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेने २०२४ साली पारंपरिक ज्ञानाविषयी करार संमत केला. त्यात जनुकीय संपदेशी निगडित ज्ञान आले, गाणी बाहेरच राहिली.

समूहाच्या वतीने वाटा घेणार कोण, अशी शंका अर्थशास्त्राच्या दृष्टीने रास्त आहे. दलाल माजतील, हे भयही खोटे नाही. परंतु तिचे उत्तर गडचिरोलीने दिले आहे. मेंढा (लेखा) ग्रामसभेला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ साली तिने स्वतःचा बांबू विकला. ज्या ग्रामसभेला बांबूचा हिशेब ठेवता येतो, तिला गाण्याचा का येऊ नये? वनहक्क कायदा, २००६च्या कलम ३(१)(ट) मध्ये जैवविविधता आणि सांस्कृतिक वैविध्य यांच्याशी निगडित पारंपरिक ज्ञानावर समूहाचा हक्क मान्य केलेला आहे. त्याची व्याप्ती गाण्यापर्यंत नेता येईल काय, हे दावे दाखल करूनच ठरेल.

मात्र पैशाचा वाटा मिळाला म्हणून वारसा जगतो असे नव्हे. २०११च्या जनगणनेनुसार गोंडी बोलणारे सुमारे ३० लाख आहेत, तरी घटनेच्या आठव्या अनुसूचीत गोंडीला स्थान नाही. मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ साली गोंडी माध्यमाची शाळा काढली, तर शिक्षण खात्याने तिला अनधिकृत ठरवले. गोंडी चित्रे भिंतींवर मिरवायची आणि गोंडी अक्षरे गिरवणाऱ्या मुलांना बेकायदा ठरवायचे, हा दुटप्पीपणा कोणत्याही संगीतपथकाच्या उसनवारीहून अधिक घातक आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी गिटारवाल्या तरुणांशी भांडण मांडू नये. ग्रामसभेची संमती, गाणाऱ्याचे नाव आणि उत्पन्नात वाटा या तीन अटी त्यांच्यापुढे ठेवाव्यात. बहुतेक जण त्या आनंदाने मान्य करतील. खरे भांडण सरकारशी आहे, आणि ते मोहगावच्या शाळेपासून सुरू झाले पाहिजे. मुलांच्या तोंडची भाषा गेली, तर वाटा मागायला गाणेच उरणार नाही.