पुस्तक मिटा, मग नकाशा काढा

मैत्रिणींनो, लग्नानंतर अठरा वर्षांनी पुन्हा अभ्यासाला बसणं म्हणजे काय, ते बसलेलीलाच ठाऊक! माझ्या धाकट्या जावेनं मुक्त विद्यापीठात नाव घातलं. रात्री ओटा आवरून ती वाचायला बसायची. पण पहिल्याच वर्षी आहार-पोषणाचा पेपर राहिला. घरात कुणी चकार शब्द काढला नाही, पण “आता कशाला हा उद्योग?” हे न बोलताही ऐकू येतंच ना!

ती म्हणाली, “वहिनी, मी तर सगळ्या पुस्तकाचे माइंड मॅप केले होते.” लेकानं तिला मोबाइलवर तसलं ॲप घालून दिलं होतं. मी पाहिलं. रंगीबेरंगी, अगदी रांगोळीसारखं! पण प्रत्येक फांदीवर पुस्तकातली अख्खी वाक्यं उतरवलेली. चूक तिथेच होती.

माइंड मॅप म्हणजे मधोमध विषय, त्यातून निघालेल्या फांद्या आणि फांद्यांना डहाळ्या. एका फांदीवर एखाददुसराच शब्द. १९७० च्या दशकात इंग्लंडच्या टोनी बुझान यांनी ही पद्धत लोकप्रिय केली. मोबाइलवर सोय अशी, की चुकलेली फांदी बोटानं उचलून दुसरीकडे नेता येते आणि नको तेव्हा मिटून ठेवता येते. एक्समाइंड किंवा सिंपलमाइंडची मोफत आवृत्ती घरच्या कामाला पुरते.

आता जीवनसत्त्वांचा धडा घ्या. आधी तो नीट वाचा. मग पुस्तक चक्क मिटून ठेवा! मधे लिहा ‘जीवनसत्त्वे’. दोन मोठ्या फांद्या : ‘स्निग्धात विरघळणारी’ आणि ‘पाण्यात विरघळणारी’. पहिलीला अ, ड, ई, के; दुसरीला ब गट आणि क. प्रत्येकाला दोन डहाळ्या, कशात मिळतं आणि कमी पडलं तर काय होतं. ‘अ’ला गाजर आणि रातांधळेपणा, ‘ड’ला ऊन आणि मुडदूस, ‘क’ला आवळा आणि स्कर्व्ही. आठवेल तेवढंच भरा. मग पुस्तक उघडून ताडून पाहा आणि राहिलेलं लाल रंगात घाला. दोन दिवसांनी सगळ्या फांद्या मिटून पुन्हा आठवा. लाल तेवढंच परत वाचायचं, म्हणजे वेळही वाचतो.

हे माझ्या पदरचं नाही बरं का. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ साली असाच एक प्रयोग प्रसिद्ध केला. पुस्तक समोर ठेवून संकल्पनांचे नकाशे काढणाऱ्या विद्यार्थ्यांपेक्षा, वाचून मग आठवून लिहिणाऱ्यांना आठवड्यानंतर जास्त उत्तरं आली. म्हणून नकाशा काढायचा तो आठवून, उतरवून नव्हे. दुसऱ्यानं केलेला आयता नकाशा तर मुळीच नको. उसन्या लोणच्याची कृती काही आपल्याला येत नाही!

आणि एक. भाजी चिरून धुतली की पाण्यात विरघळणारं ‘क’ त्या पाण्याबरोबरच जातं. जावेनं ही डहाळी भाजी निवडताना स्वतःच जोडली, पुस्तक न उघडता. तेव्हाच मी ओळखलं, की या खेपेला पेपर सुटणार. आणि सुटला!

तुमच्या मुलांचा अभ्यास घेतानाही हे करून पाहा. नकाशा मात्र त्यांनाच काढू द्या हं.