चोवीस अंड्यांतून पाच पिल्लं

हे पान इंजिनीअरिंग कॉलेजच्याच मॅगझिनचं आहे, घाबरू नका. पण मला थर्मोडायनॅमिक्स जे थोडंफार कळलं ते लेक्चरला कमी आणि आजीच्या पडवीतल्या थर्माकोलच्या खोक्यात जास्त, म्हणून हा लेख.

त्याचं झालं असं. आजीची एकही कोंबडी खुडूक बसायला तयार नव्हती आणि अंडी साठत चालली होती. मी ऐटीत म्हटलं, "आजी, कोंबडी कशाला हवी? मी मशीन बनवते." थर्माकोलचा खोका, ४० वॅटचे दोन बल्ब, छोटा डिजिटल थर्मोस्टॅट, जुन्या कॉम्प्युटरचा पंखा आणि पाण्याची वाटी. जूनच्या पहिल्या आठवड्यात २४ अंडी ठेवली. एकविसाव्या-बाविसाव्या दिवशी पिल्लं निघाली पाच.

मग प्रत्येकाने आपापला निकाल दिला. आजी म्हणाली, गडगडाट झाला की अंडी नासतात. बाबा म्हणाले, लाइट गेली होती ना मध्ये. शेजारचे काका म्हणाले, अंडीच वाईट असणार. आणि मी सगळं बिल थर्मोस्टॅटच्या नावावर फाडलं. एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत होतं: उरलेली १९ अंडी फणसाखाली पुरून टाका आणि विषय संपवा.

माझं स्पष्ट मत आहे की घरी अंडी उबवणारे बहुतेक जण इथेच चुकतात. न उबलेलं अंडं हा कचरा नाही, ते रीडिंग आहे. नाकाला रुमाल बांधा आणि फोडून बघा. मी एकेक करून फोडली. (आई दोन दिवस माझ्या हातचं पाणी प्यायली नाही.)

सात अंड्यांत काहीच नव्हतं, नुसता बलक. ही एकतर फळलेलीच नव्हती किंवा अगदी सुरुवातीला मेलेली; एकवीस दिवसांनी नुसत्या डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात. पण आजीला विचारलं तेव्हा कळलं की त्यातली बरीचशी पंधरा-पंधरा दिवस स्वयंपाकघरातल्या फळीवर होती, तीही मे महिन्यात! अंडं सात दिवसांच्या आत उबवायला ठेवावं आणि तोवर थंड जागी असावं. आपल्याकडच्या उकाड्यात गर्भ अर्धवट जागा होतो आणि मरतो. तीन अंड्यांत रक्ताचं लाल कडं होतं, म्हणजे गर्भ पहिल्या आठवड्यातच गेलेला. ही तिन्ही बल्बच्या अगदी खाली होती आणि थर्मोस्टॅटचा सेन्सर लांब कोपऱ्यात. पंखा असलेल्या खोक्यात ३७.५ अंश लागतात. माझ्या खोक्यात कोपऱ्यात ३७.५ आणि बल्बखाली देव जाणे किती. सेन्सर अंड्यांच्या उंचीवर हवा, आणि त्याचं रीडिंग कोमट पाण्यात तापाच्या थर्मामीटरशी एकदा ताडून बघायला हवं. पाच मिनिटांचं काम, मी केलं नव्हतं.

उरली नऊ. त्या नऊंनी मला खरंच रडवलं. पूर्ण वाढलेली पिल्लं, पिसं आलेली, ओलीचिंब, सुजल्यासारखी, चोच कवचापर्यंत न पोचलेली. अंड्याच्या रुंद बाजूला हवेची पोकळी असते, पिल्लू पहिला श्वास तिथे घेतं. ती पोकळी ह्यांच्यात अगदी लहान राहिली होती. कारण मी व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे वाटी पहिल्या दिवसापासून भरून ठेवली होती.

आता जरा थर्मो. अंड्याने पहिल्या १८ दिवसांत आपल्या वजनाचा साधारण १२ टक्के भाग पाण्याच्या वाफेने गमवायला हवा, तरच पोकळी पुरेशी मोठी होते. त्यासाठी आत आर्द्रता ५०-५५ टक्के हवी. रत्नागिरीच्या पावसातली हवा घ्या: २८ अंश, आर्द्रता ८५ टक्के. हीच हवा खोक्यात ३७.५ पर्यंत तापली की आर्द्रता आपोआप सुमारे ५० टक्क्यांवर येते. म्हणजे वाटीची गरजच नाही! डिसेंबरच्या रात्री मात्र बाहेर २० अंश आणि ६० टक्के असेल, तर आत जेमतेम २२ टक्के, तेव्हा वाटी हवीच. एकच वाटी सोलापूरला आणि रत्नागिरीला, जूनला आणि डिसेंबरला चालत नाही. शेवटचे तीन दिवस मात्र सगळीकडेच ६५-७० टक्के लागते, नाहीतर आतला पडदा सुकून पिल्लाला चिकटतो.

हायग्रोमीटरवर भरवसा नसेल तर किचनचा काटा घ्या. माझी २४ गावठी अंडी ४५ ग्रॅमच्या हिशेबाने १०८० ग्रॅम. अठराव्या दिवशी १३० ग्रॅमच्या आसपास घट हवी, म्हणजे रोजची सात ग्रॅम. कमी घटतंय तर पाणी काढा, जास्त घटतंय तर वाढवा. इजिप्तमध्ये मातीच्या भट्ट्यांतून अंडी उबवणारे कारागीर अंडं पापणीला लावून उष्णता ओळखायचे. त्यांच्याकडे काटा नव्हता, पण रोज तपासायची सवय होती.

लाइटबद्दल थोडं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे कित्येक दिवस वीज नव्हती, तेव्हा कुणाचीच अंडी वाचणार नव्हती. पण आमची गेली होती चाळीस मिनिटं. कोंबडीसुद्धा दाणे टिपायला रोज उठते की! झाकण बंद ठेवायचं, फार वेळ झाला तर गरम पाण्याची बाटली आत ठेवायची. थोड्या गारव्यापेक्षा जास्तीची उष्णता कितीतरी घातक. उलट शेवटच्या दिवसांत पिल्लांना हवा हवी म्हणून भोकं उघडी लागतात, आणि आम्ही पावसाच्या भीतीने ती कापडाने बुजवली होती.

ह्या सगळ्यात मला आमची लॅब आठवत होती. रीडिंग चुकलं की शेजारच्या बॅचचं जर्नलमध्ये उतरवायचं, व्हायवाला पाठ केलेलं सांगायचं. मीही तेच केलंय. चुकलेलं रीडिंग का चुकलं हे मी पहिल्यांदा शोधलं ते फणसाखाली बसून, आणि त्याचे मार्क कुणी देणार नव्हतं.

जुलैच्या अखेरीस २० ताजी अंडी ठेवली. वाटी अठराव्या दिवसापर्यंत कोरडी, सेन्सर मध्यभागी, अंडी दिवसातून पाच वेळा फिरवली, अठराव्या दिवशी फिरवणं बंद. १४ पिल्लं निघाली. उरलेली सहा फोडली. पाच कोरी, एकात लाल कडं.

श्रावणात आजीची कोंबडी एकदाची खुडूक बसली. १२ अंडी, ११ पिल्लं; ना काटा, ना सेन्सर. आजी मला काही बोलली नाही. फक्त ती पिल्लं माझ्या खोक्यासमोरून दोनदा फिरवून नेली.