व्यवहार नाही, शिल्लक मागीलप्रमाणे

मासिकासाठी साहित्य देण्याची मुदत जवळ आली की आपल्या कॉलेजच्या व्हरांड्यात एकच तक्रार दोन भाषांत ऐकू येते. मराठी विभागातली मंडळी म्हणतात, "काही सुचतच नाही." कन्नड विभागातली म्हणतात, "एनू होळीवल्दु." कन्नडात सुचण्याला चमकण्याचाच शब्द आहे, त्यामुळे त्यांची तक्रार जरा अधिक काव्यमय वाटते इतकेच. फळ सारखेच. शेवटच्या दिवशी संपादक सरांच्या टेबलावर चार चारोळ्या, दोन जुने विनोद आणि कुठून तरी उतरवलेला एक निबंध येऊन पडतो.

मी कवी नाही, कथाकारही नाही. बी.कॉम.चा विद्यार्थी आहे. तरीही या तक्रारीबद्दल मला थोडे बोलायचे आहे. सुचत नाही हे खरे असते, पण ती न लिहिण्याची सबब होऊ शकत नाही. रोज लिहावे, आणि ज्या दिवशी काहीच सुचत नसेल त्या दिवशी तर अवश्य लिहावे, असे माझे मत झाले आहे. हे मत मी कोणा साहित्यिकाकडून घेतलेले नाही. ते आमच्या आजोबांच्या रोजकीर्दीतून आले.

आधी माझी अडचण सांगतो. दहावीपर्यंत मी मराठी शाळेत शिकलो. पी.यू.सी.ला कॉमर्स घेतले आणि पुस्तके, वह्या, उत्तरपत्रिका सगळे इंग्रजी झाले. बाजारात बोलणे निम्मे कन्नड, निम्मे मराठी. मोबाईलवर मित्रांना मराठी पाठवायची ती इंग्रजी अक्षरांत. मराठी बोलत होतो, त्यामुळे ती हातून सुटते आहे हे लक्षातच आले नाही. मग शाळेतले आमचे एक गुरुजी निवृत्त झाले. सत्काराच्या मानपत्रासाठी चार ओळी मराठीत लिहून दे, असा निरोप आला. ज्यांनी मला बाराखडी गिरवायला लावली त्यांच्यासाठी चार ओळी लिहायला मी एक संध्याकाळ घेतली. 'आशीर्वाद' या शब्दावर अडलो. अक्षरांवरची रेघ वाकडी जाऊ लागली. शेवटी दुसऱ्याच एका मित्राने मजकूर लिहिला आणि मी नुसती सही केली. ती सही मला अजून टोचते.

त्या वर्षी दिवाळीच्या पाडव्याला आजोबांनी वहीपूजन केले, तेव्हा त्यांच्या वहीशेजारी मीही एक कोरी वही ठेवली. आजोबांनी रविवार पेठेत एका आडत दुकानात चाळीस वर्षे दिवाणजी म्हणून काम केले. नोकरी सुटली तरी वही सुटली नाही. घराची रोजकीर्द ते रोज संध्याकाळी दिवेलागणीनंतर लिहितात. वर श्री, मग तारीख, डाव्या बाजूला जमा, उजव्या बाजूला नावे, आणि तळाला शिल्लक. माझी वही मात्र जमाखर्चाची नव्हती, रोजनिशीची होती. निदान मला तसे वाटत होते.

पहिले आठ दिवस मी फार सुंदर लिहिले. पावसानंतरच्या तांबड्या मातीचे वर्णन केले, जीवनावर विचार मांडले. नवव्या दिवशी विचार संपले. मग 'आज विशेष काही घडले नाही' असे एक वाक्य, मग तेही नाही. पुढे परीक्षा आली आणि अकरा दिवस वही उघडलीच नाही. परीक्षा संपल्यावर लाज वाटून एका रात्री बसलो आणि अकराही दिवसांच्या नोंदी आठवून आठवून लिहून काढल्या. दुसऱ्या दिवशी आजोबांनी वही मागितली. मजकूर वाचला नाही, नुसती पाने उलटली.

"अकरा दिवसांचं एकदम लिहिलास काय रे?"

"तुम्हाला कसं कळलं आजोबा?"

"शाई एक, घाई एक."

मग त्यांनी मला आपली वही दाखवली. पाऊस लागलेल्या एका आठवड्यातले पान होते. तारखेखाली लिहिले होते : व्यवहार नाही, शिल्लक मागीलप्रमाणे. दुसऱ्या दिवशीही तेच. आजोबांचे म्हणणे असे की व्यवहार झाला नाही हीसुद्धा नोंद करण्याची गोष्ट आहे. पान कोरे राहिले तर पुढे वाचणाऱ्याला कळणार नाही की त्या दिवशी काही घडले नाही, की घडले आणि कोणी लिहिले नाही. दुकानात अशा कोऱ्या पानावर मालकाचा पहिला संशय दिवाणजीवर यायचा.

वर्गात आम्हाला हिशेबाच्या पहिल्या पुस्तकाचे नाव 'जर्नल' असे शिकवले होते. शब्दकोशात पाहिले तर त्याच शब्दाचा दुसरा अर्थ रोजनिशी. मला वाटले, इंग्रजांची ही गंमत असेल. पण आपल्याकडेही तेच आहे. गणेश चिमणाजी वाड यांनी पेशवे दप्तरातून निवडलेले उतारे विसाव्या शतकाच्या आरंभी छापले गेले, ते पेशव्यांची रोजनिशी म्हणून ओळखले जातात. त्यात कोणाला पेशव्यांचे मनोगत सापडेल अशी आशा असेल तर निराशा होते. ती मुळात रोजकीर्द आहे : कोणाला काय दिले, कोणता हुकूम सुटला, कोणत्या गावाला किती सूट मिळाली. तरी त्या काळचे राज्य, शेती, न्याय समजून घ्यायला अभ्यासक आजही तिच्याकडेच जातात. लिहिणाऱ्या कारकुनांना त्या दिवशी काही सुचले होते की नाही, हे कोणी विचारत नाही.

युरोपातही वहीचा हा व्यवहार जुना आहे. लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाने १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या ग्रंथात द्विनोंदी पद्धत मांडली, तेव्हा व्यापाऱ्याने तीन वह्या ठेवाव्यात असे सांगितले. एक कच्ची, जिच्यात घडेल तसे भराभर टिपायचे, दुसरी रोजची पक्की, तिसरी खतावणी. माझी चूक काय होती हे मला इथे कळले. कच्ची वही न ठेवता मी एकदम पक्की, तीही अलंकारिक भाषेत लिहायला बसलो होतो. इंग्लंडच्या आरमारखात्यातला कारकून सॅम्युएल पेपिस याची रोजनिशी जगप्रसिद्ध आहे. १ जानेवारी १६६० पासून ३१ मे १६६९ पर्यंत तो लिहीत राहिला. त्यालाही कधी कधी अनेक दिवसांचे एकदम लिहावे लागे, पण त्याच्याजवळ टिपणे असत. लंडनच्या १६६६ च्या आगीबरोबर आपण बागेत खड्डा खणून दारू आणि चीज पुरून ठेवले, हेही त्याने लिहिले. वेळोवेळी आपली मालमत्ता किती झाली याचा हिशेब मांडून तो देवाचे आभार मानत असे. म्हणजे आमच्याच धंद्यातला माणूस! चीज पुरल्याची नोंद करताना त्याला काही दिव्य स्फुरले असेल असे मला वाटत नाही.

त्या रात्रीपासून मी नियम बदलला. तारीख घालायची आणि दिवसातल्या तीन गोष्टी टिपायच्या. कोण काय बोलले, काय खाल्ले, कशाची लाज वाटली. बोलणे ज्या भाषेत झाले त्याच भाषेत लिहायचे. हमालाशी झालेले भांडण कन्नडात आहे, आईचे रागावणे मराठीत आहे. काहीच नसेल तर आजोबांचे वाक्य : व्यवहार नाही, शिल्लक मागीलप्रमाणे. पहिल्या महिन्यात ते सात वेळा आले. पुढे कमी होत गेले, कारण ते वाक्य लिहिता लिहिता हटकून काहीतरी आठवते.

आमचा एक कविमित्र म्हणतो, हे सगळे कारकुनी आहे. मन भरून येईल तेव्हाच लिहावे, साने गुरुजींनी 'श्यामची आई' तुरुंगात पाच दिवसांत लिहिली ती काय रोज टिपणे काढून? मीही काही दिवस निरुत्तर होतो. १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात हे पुस्तक पाच दिवसांत झाले, हे खरेच आहे. पण त्याआधी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात गुरुजी शिक्षक होते, मुलांचे वसतिगृह सांभाळत होते, आणि त्या मुलांसाठी ते स्वतःच्या हाताने 'छात्रालय दैनिक' लिहून काढत. दैनिक, मासिक नव्हे! कोठे कचरा राहिला, कोण आजारी आहे, कोणते पुस्तक वाचावे, असे रोज. ते पाच दिवस मोजताना आमचा मित्र हे दिवस मोजायला विसरतो.

त्याच्या म्हणण्यात एक भाग मात्र मला मान्य आहे. माझ्या वहीतली दहापैकी नऊ पाने टाकाऊ आहेत. मेसमधली आमटी, बसची गर्दी, सरांची चेष्टा. ती कोणी छापू नयेत, मीही दाखवणार नाही. पण टाकाऊ पान कोणते हे लिहिताना कळत नाही, असा माझा अनुभव आहे, आणि तो आजीच्या विड्याच्या पानांमुळे आला.

आजी गेली तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो. मागच्या उन्हाळ्यात आजोबांच्या जुन्या वह्या फडताळातून काढून उन्हात घातल्या, तेव्हा त्या तारखेचे पान मी मुद्दाम शोधले. मला वाटले होते, इथे तरी आजोबांनी काही लिहिले असेल. पान नेहमीसारखेच होते. श्री, तारीख. नावेच्या बाजूला रिक्षा, फुले, लाकूड, भटजी. तळाला शिल्लक, बरोबर जुळलेली. अक्षर जरासुद्धा हललेले नाही. मला आजोबांचा थोडा रागच आला. मग सहज मागची पाने चाळली, तर दर दोनतीन दिवसांनी एक नोंद दिसे : पाने ५. आजीला जेवणानंतर विडा लागे, त्याची. वर्षानुवर्षे ती नोंद होती, मध्ये पाचाची दहा झाली, एवढाच फरक. आजीच्या तारखेनंतर दूध आहे, भाजी आहे, लाईटबिल आहे, पाने नाहीत. पुढच्या पानावर नाहीत, त्याच्या पुढच्याही नाहीत. मी उन्हात उभा राहून तीन वह्या चाळल्या.

आजोबांनी 'पाने ५' लिहिताना त्यात काही साहित्य आहे असे त्यांच्या मनातही आले नसणार. पण ती नोंद रोजच्या रोज झाली नसती, तर ती थांबल्याचे मला कधी दिसले नसते. आजीवर एक कविता करायचा प्रयत्न मी दोनदा केला आहे. दोन्ही वेळा 'माया' आणि 'छाया' यांच्या पुढे गेलो नाही.

आपल्याकडच्या कन्नड खेड्यांतून पूर्वी दारावर 'नाळे बा' असे लिहीत, हे पुष्कळांना ठाऊक असेल. रात्री भूत येते, दारावरचे 'उद्या ये' वाचते आणि परत जाते. उद्या आले की पुन्हा तेच वाचते. भुताला हा उपाय चांगला आहे. पण आपण प्रतिभेची वाट पाहतो म्हणतो आणि वहीच्या दारावर हीच पाटी लावून बसतो. ती बिचारी येत असेल आणि वाचून परत जात असेल. परीक्षा झाल्यावर, सुटीत, चांगली वही आणल्यावर, नोकरी लागल्यावर. मी अकरा दिवस ही पाटी लावली होती, म्हणून सांगतो. मोबाईलमध्ये सगळे फोटो आहेत, मग लिहायचे कशाला, असेही कोणी म्हणते. माझ्या मोबाईलमध्ये आजीचे पुष्कळ फोटो आहेत. एकातही विडा नाही.

पेपिसने १६६९ मध्ये रोजनिशी थांबवली, कारण लिहून लिहून दृष्टी जाईल अशी त्याला धास्ती पडली. त्यानंतर तो १७०३ पर्यंत जगला, दृष्टीही गेली नाही, पण तशी वही पुन्हा झाली नाही. आमच्या आजोबांच्या डोळ्यांना आता खरेच कमी दिसते. त्यांनी थांबवायचे ऐवजी मला शेजारी बसवले आहे. ते सांगतात, मी लिहितो. मग त्याच टेबलावर मी माझी वही उघडतो. माझे अक्षर आता बरे आहे. 'आशीर्वाद' बरोबर लिहितो.

काल तेरीज जुळेना. सात रुपये कमी येत होते. मी म्हटले, "सातच तर आहेत, किरकोळ खर्चात धरू या." आजोबा काही बोलले नाहीत, पण जेवायलाही उठेनात. आई दोनदा हाक मारून गेली. पाऊण तास शोधल्यावर मला आठवले की संध्याकाळी दुधाचे सुटे उरले होते, त्यातून मी नाक्यावर दोघा मित्रांबरोबर चहा प्यालो आणि माझ्या वाट्याचे सात त्यातूनच दिले. सांगितल्यावर आजोबा म्हणाले, "लिही. चहा सात. कुणाबरोबर ते तुझ्या वहीत लिही."