रस्ता मोटारींना, गाळ पायी चालणाऱ्यांना!

मे महिना सरत आला की प्रत्येक महापालिकेला आणि नगरपालिकेला नालेसफाईची आठवण होते. जेसीबी लागतात, फोटो निघतात, इतके नाले साफ झाले असे पत्रक निघते. पण नाल्यातून आणि गटारींतून काढलेला गाळ गेला कुठे, हे त्या पत्रकात कधीच नसते. तो जातो काठावर. काठ म्हणजे साईडपट्टी. आणि जिथे फुटपाथ नाही, तिथे साईडपट्टी हीच पायी चालणाऱ्या माणसाची एकमेव जागा असते. ओला गाळ ट्रॅक्टरमध्ये भरला तर तो रस्ताभर गळत जातो, म्हणून दोन दिवस वाळू द्या, मग उचलू, असे मुकादम सांगतो. त्याच्या सांगण्यात तथ्य आहे. पण बहुतेक वेळा दोन दिवसांनी ट्रॅक्टर येत नाही, पाऊस येतो. काठावरचा गाळ पुन्हा गटारीत उतरतो, उरलेला चिखल होऊन साईडपट्टीवर पसरतो आणि शाळेत जाणारे पोर, धुणीभांडी करायला निघालेली बाई, काठी टेकत चाललेला म्हातारा हे सगळे त्या चिखलातून वाट काढतात, नाहीतर सरळ मोटारींच्या रस्त्यावर उतरतात.

आमचा प्रश्न साधा आहे. शहर साफ करताना आधी कोणाची वाट साफ होते? आणि एकाची वाट साफ करताना घाण कोणाच्या वाटेवर टाकली जाते?

हा प्रश्न फक्त खान्देशचा नाही. जिथे हिवाळ्यात गुडघाभर बर्फ पडतो, त्या श्रीमंत देशांतही हाच प्रश्न आहे, फक्त तिथे गाळाच्या जागी बर्फ असतो. अमेरिकेत न्यूयॉर्कसारख्या शहरात रस्त्यावरचा बर्फ महापालिका काढते, आणि फुटपाथवरचा बर्फ ज्याच्या घरासमोर तो फुटपाथ आहे त्याने काढायचा असा नियम आहे. म्हणजे मोटारवाल्याची वाट सरकारच्या पैशाने मोकळी होते आणि पायी चालणाऱ्याची वाट शेजाऱ्याच्या मर्जीवर सोडलेली असते. त्यात बर्फ ढकलणारे यंत्र रस्त्यावरचा बर्फ कडेला लोटते, तो फुटपाथच्या तोंडाशी येऊन पडतो. गटारीचा गाळ आणि हा बर्फ यांच्यात आम्हाला तरी काही फरक दिसत नाही. कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये मात्र फुटपाथवर चालणारी छोटी यंत्रे महापालिका स्वतः फिरवते. म्हणजे इच्छा असली की यंत्रही सापडते.

स्वीडनमध्ये कार्ल्सकोगा नावाचे एक लहान शहर आहे. तिथल्या पालिकेने २०११ च्या सुमारास आपल्या कामाचा क्रम तपासला. आधी मोठे रस्ते, मग लहान रस्ते, शेवटी फुटपाथ आणि सायकलीच्या वाटा, असा तो क्रम होता. तो कोणी दुष्टपणाने ठरवलेला नव्हता, वर्षानुवर्षे चालत आलेला होता. पण पाहिले तेव्हा लक्षात आले की मोटारीतून कामाला जाणारे बहुतेक पुरुष, आणि मूल पाळणाघरात सोडून, वाटेत सामान घेऊन, पायी किंवा बसने जाणाऱ्या बहुतेक बाया. बर्फावर घसरून हातपाय मोडलेल्यांत मोटारवाल्यांपेक्षा पायी चालणारे जास्त, आणि त्यांतही बाया जास्त. चार बोटे बर्फातून मोटार निघून जाते. लहान मुलाची ढकलगाडी निघत नाही. म्हणून पालिकेने क्रम उलटा केला. आधी फुटपाथ, मग रस्ता. त्यासाठी वेगळा पैसा लागला नाही. पुढे स्टॉकहोमनेही हे धोरण घेतले; २०१६ च्या नोव्हेंबरात तिथे विक्रमी बर्फ पडला, शहर ठप्प झाले, तेव्हा या धोरणाची भरपूर टिंगल झाली. टिंगल करणारे कोण असतील हे वाचकांना सांगायला नको.

आता आपल्याकडे या. जळगाव आणि धुळे या दोन्ही नगरपालिकांच्या महापालिका २००३ साली झाल्या. जळगावच्या मधोमध सुरत-नागपूर राष्ट्रीय महामार्ग जातो. जुन्या क्रमांकाने ६, नव्याने ५३. एका बाजूला वस्त्या, शाळा, महाविद्यालये, दुसऱ्या बाजूला बाजार आणि रेल्वे स्टेशन. अजिंठा चौकाच्या पुढे एमआयडीसी, तिथल्या डाळ मिल आणि चटईचे कारखाने. म्हणजे कामाला जाणाऱ्या माणसाला हा महामार्ग ओलांडणे किंवा त्याच्या कडेने चालणे भागच. किती माणसे या रस्त्यावर गेली! समांतर रस्ते करा म्हणून जळगावकरांनी वर्षानुवर्षे आंदोलने केली. शेवटी खोटेनगरपासून कालिंकामाता मंदिराच्या चौकापर्यंत चौपदरीकरण झाले, काही चौकांत भुयारी मार्ग झाले. झाले ते चांगले झाले. पण त्या मागणीतले मूळ माणूस कोण होते? पायी आणि सायकलने जाणारे. मिळाले ते आधी कोणाला? चार पदरांवरून वेगाने जाणाऱ्याला. रस्ता रुंद झाला म्हणजे तो ओलांडणाऱ्याची वाट लांबली, एवढी साधी गोष्ट आराखड्याच्या कागदावर दिसत नाही काय?

अमृत योजनेच्या जलवाहिनीसाठी जळगावचे रस्ते खोदले गेले, तेव्हा सगळ्या शहराने धूळ खाल्ली, खड्डे सोसले. वृत्तपत्रांचे रकाने भरले ते दुचाकीस्वारांच्या मणक्यांच्या तक्रारींनी. त्या तक्रारी खोट्या नव्हत्या. पण खोदून काढलेली माती आणि मुरूम रस्त्याच्या कडेला पडतो, त्या कडेने चालणाऱ्याच्या पायाची तक्रार कोणी छापली? समतानगर, तांबापुरा, पिंप्राळा हुडको इथला माणूस, धुळ्यातल्या मोगलाई आणि भीमनगरचा माणूस वृत्तपत्राला पत्र लिहीत बसत नाही. त्याला कामाची वेळ गाठायची असते. २०११ च्या जनगणनेत कामावर जाण्याचे साधन विचारले होते. शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामे करणाऱ्यांत देशभरात साडेचार कोटींच्या आसपास माणसे पायी कामावर जाणारी निघाली. त्यात शाळेची पोरे धरलेली नाहीत, बाजारहाट करणाऱ्या बाया नाहीत, दवाखान्यात जाणारे म्हातारे नाहीत. आणि २०२२ साली देशात रस्त्यावर जे १ लाख ६८ हजारांवर लोक मेले, त्यांत ३२ हजारांहून अधिक पायी चालणारे होते. जवळजवळ दर पाच मृत्यूंत एक. ही माणसे कोणाला धडकली नव्हती. ती फक्त चालत होती.

वाचकहो, रस्त्याचा प्रश्न आपल्याला नवा नाही. १९२४-२५ मध्ये त्रावणकोर संस्थानात वायकोमचा सत्याग्रह झाला तो देवळात शिरण्यासाठी नव्हता, देवळाभोवतीच्या रस्त्यांवरून चालण्यासाठी होता. कुत्र्याने, गुराने ज्या रस्त्याने जावे, त्यावरून अस्पृश्याने जाऊ नये! पेरियार त्यासाठी तुरुंगात गेले. आणि संविधानाच्या १५ व्या कलमात विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांच्या पंक्तीला 'रस्ते' हा शब्द बसला आहे तो उगाच नाही. जातीच्या, धर्माच्या किंवा लिंगाच्या कारणाने सार्वजनिक रस्त्याच्या वापरावर कोणालाही बंदी घालता येणार नाही, असे ते कलम सांगते. काठावर टाकलेला गाळ म्हणजे या कलमाचा भंग, असे आम्ही म्हणणार नाही. कायद्याचा शब्द ताणून काही साधत नाही. पण ज्या हक्कासाठी माणसे तुरुंगात गेली, तो हक्क चिखलाच्या ढिगाऱ्यापाशी येऊन थांबत असेल तर तो कागदावरच राहिला.

खान्देशात तर या प्रश्नाचा दाखला प्रत्यक्ष बाबासाहेबांच्या आयुष्यात आहे. १९२९ साली मुंबई सरकारच्या समितीचे सदस्य म्हणून ते खान्देशात आले होते. परतताना चाळीसगावला उतरले. स्टेशनपासून महारवाडा सुमारे दोन मैल, मध्ये नदी आणि त्यावर मोरी. स्टेशनवरचा एकही टांगेवाला त्यांना न्यायला तयार होईना. पायी नेणे बाबासाहेबांच्या प्रतिष्ठेला शोभणार नाही असे वस्तीतल्या लोकांना वाटले. शेवटी टांगा भाड्याने मिळाला, पण हाकणारा मिळाला नाही; ज्याला हाकता येत नव्हते असा आपलाच माणूस बसला. मोरीवर टांगा उलटला. घोडा आणि टांगा नदीत गेले, बाबासाहेब मोरीच्या दगडी फरशीवर फेकले गेले, त्यांच्या पायाचे हाड मोडले. बॅरिस्टर झालेल्या माणसाची ही गत! त्या दोन मैलांचा प्रश्न टांग्याचा नव्हता. वस्तीपर्यंत सन्मानाने पोचण्याचा होता. आजही 'मुख्य रस्ता' साफ होतो आणि वस्तीकडे वळणारा तुकडा तसाच राहतो, तेव्हा आम्हाला चाळीसगावची ती मोरी आठवते.

इथे कोणी म्हणेल, फुटपाथ मोकळे करायचे ना, मग हटवा त्या लोटगाड्या! धुळ्याच्या आग्रा रोडवर हे नाटक आम्ही कितीदा पाहिले आहे. पथक येते, केळीची गाडी उलटते, तराजू जप्त होतो, संध्याकाळी गाड्या परत लागतात. पथकाला दुकानाचा पुढे आलेला ओटा दिसत नाही, पायऱ्या दिसत नाहीत, फुटपाथवर चढवून ठेवलेली मोटार दिसत नाही. पायी चालणारा आणि लोटगाडीवाला हे एकाच वस्तीतून आलेले असतात. त्यांना एकमेकांशी भांडायला लावणे सोयीचे आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने सांगितले आहे की सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्र मिळेपर्यंत कोणत्याही विक्रेत्याला हटवू नये. शहर फेरीवाला समितीत ४० टक्के जागा विक्रेत्यांच्या, त्यांत एकतृतीयांश महिला, आणि अनुसूचित जाती-जमातींना प्रतिनिधित्व, असेही तो कायदा सांगतो. फुटपाथला पुरेशी रुंदी ठेवा, त्यात विक्रेत्याची जागा आखा आणि चालणाऱ्याची जागा आखा. भारतीय रस्ते परिषदेच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांत चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी जागा सांगितली आहे. आपल्या शहरांतले फुटपाथ या मापाने एकदा मोजून पाहावेत. जिथे फुटपाथ आहेत तिथे.

आणि गाळ उपसणारा कोण? तोही आपलाच. मेहतर, वाल्मीकी, बौद्ध, मातंग. ठेकेदाराच्या हाताखाली, बहुतेक वेळा हातमोजे नाहीत, गमबूट नाहीत. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय गटारात माणूस उतरवणे गुन्हा ठरवले आहे. म्हणून आम्ही फुटपाथ आधी साफ करा म्हणतो, तेव्हा त्याच सफाई कामगाराला आणखी दोन तास राबवा, असे म्हणत नाही. जेसीबी आणि ट्रॅक्टर मुख्य रस्त्यासाठी, आणि फावडे-घमेले घेतलेला माणूस गल्लीसाठी, ही वाटणी आधी मोडली पाहिजे. गल्लीत जाणारे छोटे यंत्र बाजारात मिळते.

रुग्णवाहिका, अग्निशमन बंब यांच्यासाठी रस्ता आधी मोकळा हवा, हा आक्षेप रास्त आहे. तेवढा पट्टा आधी करा, कोण नको म्हणतो? पण धुळ्याचे हिरे सर्वोपचार रुग्णालय चक्करबर्डीला, शहराच्या टोकाला आहे. तिथे जाणाऱ्या गरीब रुग्णाला रुग्णवाहिका क्वचित मिळते. तो बसने किंवा रिक्षाने जातो, आणि बसथांब्यापर्यंत, रिक्षाथांब्यापर्यंत पायीच जातो. त्याचाही रस्ता आणीबाणीचाच आहे.

१४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अडथळा नसलेल्या फुटपाथचा हक्क हा संविधानाच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि अपंगांना वापरता येतील असे फुटपाथ हवेत. राज्यांना धोरण करायला दोन महिने दिले होते. महाराष्ट्र महानगरपालिका कायद्यात रस्त्यांची सफाई आणि देखभाल हे महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे, आणि त्या कायद्यातल्या 'रस्ता' या शब्दाच्या व्याख्येत पायवाटही येते. म्हणजे नवा कायदा मागायची गरज नाही. क्रम बदलायचा आहे.

जळगाव आणि धुळे या दोन्ही महापालिकांकडे आमची मागणी एवढीच की, पुढच्या नालेसफाईच्या निविदेत दोन अटी घाला. पहिली, वस्ती ते शाळा, वस्ती ते दवाखाना, वस्ती ते बसथांबा या वाटा आधी घ्या. दुसरी, गाळ उपसला म्हणून बिल निघणार नाही, गाळ काठावरून उचलून नेला तेव्हाच निघेल. आणि तो उचलल्याच्या कागदावर आरोग्य निरीक्षकाच्या सहीबरोबर त्या वस्तीतल्या दोन रहिवाशांची सही असेल, त्यांत एक बाई असेल. आपल्या प्रभागाच्या निविदेत या अटी आल्या की नाही, हे विचारायला कार्यकर्त्यांनी एप्रिलमध्येच महापालिकेत जावे. मे महिन्यात गेल्यास जेसीबी लागलेला असतो.