पिठांतला किडा आणि घाण्यावरचें ज्ञान

गोंदिया जिल्हा म्हणजे धानाचें कोठार, असें सारेच म्हणतात. पण ज्याच्या हातांनीं तें कोठार भरतें त्याच्या घरांतल्या पिठाच्या डब्याकडे कोणी पाहात नाहीं. पावसाळा लागला कीं पिठांत बारीक तांबडे भुंगेरे वळवळूं लागतात, आणि असा उग्र वास सुटतो कीं चाळून घेतलें तरी भाकर तोंडांत धरवत नाहीं. हा वास त्या किड्याच्याच अंगांतून निघतो. सून आळशी म्हणून तो येत नाहीं, एवढें सासूबाईंनीं ध्यानांत घ्यावें.

या किड्याला अखंड दाणा फोडतां येत नाहीं. कणी, कोंडा आणि पीठ हें त्याचें घर. म्हणजे दुसऱ्यानें राबून दळलें, भरडलें, कीं हा आयता जेवायला हजर! असले आयतेखाऊ आमच्या वाचकांस नवे नाहींत.

यावर कोणी ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या घरांत आणतात. बंधूंनो, ही आग आहे. हवेंतली ओल लागतांच त्यांतून विषारी वायु सुटतो. तो किडा मारतो तसेंच शेजारीं निजलेलें मूलही मारतो. ही गोळी घरगुती वापरासाठीं नाहींच. जाणत्या अधिकृत माणसांच्या देखरेखीखालींच ती वापरावी असा सरकारी नियम आहे. दुकानदार सांगत नसेल तर आम्ही सांगतों.

आमच्या तेली बंधूंच्या घाण्यावर एरंडी, करंज, मोहाची टोळी पिळली जात असे, आणि आमच्या मायबहिणी डाळीला एरंडेलाचा हात लावून ठेवीत. त्यांत अडाणीपणा नव्हता. तूर, हरभरा, लाखोळी यांवर भुंगेऱ्याची मादी सालीवर अंडीं चिकटवते. दाण्यावर तेलाचा पातळ थर बसला कीं अंड्याची हवा कोंडते व अळी आंत शिरण्यापूर्वींच मरते. किलोला चहाचा एक चमचा तेल पुरे. मात्र माल खळ्यावरून येऊन वाळला कीं लगेच हें करावें. अळी आंत शिरल्यावर तेल चोळणें व्यर्थ. तांदळांतल्या सोंड्याची मादी दाणा पोखरून आंत अंडें घालते व भोंक बुजवते, म्हणून तेथें हा इलाज लंगडा पडतो.

पिठाची गोष्ट निराळी. त्यांत तेल कालवूं नये. कडूनिंबानें तें कडू होईल, आणि करंजाचें तेल खाण्याचें नव्हेच. वेखंडही पिठांत नको. त्याच्या तेलांतील द्रव्यानें उंदरांस कर्करोग झाल्याचें दिसल्यावर अमेरिकेनें 1968 सालीं तें खाद्यपदार्थांत घालण्यास मनाई केली. जुनें तें सारें सोनें नसतें. येथें तेलाचें काम वासानें किड्यास दूर ठेवण्याचें. डबा उन्हांत तापवावा, कोपऱ्यांतलें जुनें पीठ खरवडून टाकावें, झाकण घट्ट बसवावें, आणि कडूनिंबाच्या किंवा नीलगिरीच्या तेलाचें फडकें बाहेरून गुंडाळावें. वास उडाला कीं पुन्हा तेल लावावें.

हें बायकांचें क्षुल्लक ज्ञान म्हणणाऱ्यांनीं ऐकावें. कडूनिंबाच्या तेलानें बुरशी रोखण्याच्या रीतीचा हक्क युरोपच्या पेटंट कचेरीनें 1994 सालीं अमेरिकेचें शेतीखातें व डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनी यांस दिला होता. वंदना शिवा आदींनीं हरकत घेऊन झगडल्यावर तो 2000 सालीं रद्द झाला, आणि 2005 सालीं कंपनीचें अपीलही फेटाळलें गेलें. पोथींत नाहीं तें ज्ञानच नव्हे, असें आमच्या पोथीवाल्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलें. तें कागदावर उतरवतांच परके मालक होऊं लागले!

अकोल्याचें कृषि विद्यापीठ पंजाबराव देशमुखांचें नांव लावतें. त्यानें सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगांव येथें घरांत जाऊन बायकांदेखत दोन डबे ठेवावे, एक तेलाच्या फडक्याचा, एक साधा. महिन्यानें किडे मोजून आंकडे मराठींत व गोंडींत ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावे. तोंवर आमच्या भगिनींनीं थांबूं नये. घरीं असेच दोन डबे ठेवून मोजणी आम्हांस कळवावी, किडा घटला तरी आणि न घटला तरी.