काटकसर पुरते कुठवर?

दुधाच्या पिशव्या धुऊन रद्दीत घालायच्या, भिशी लावायची, उरलेल्या पोळ्यांची फोडणीची पोळी करायची. या सवयी चांगल्याच, पण त्यांनी घर होत नाही. पुण्यात ६० लाखांचा फ्लॅट घ्यायचा म्हटला, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कर्ज जास्तीत जास्त ८० टक्के, म्हणजे ४८ लाख. उरलेले १२ लाख, पुरुषाच्या नावावर ७ टक्के मुद्रांक शुल्काचे ४ लाख २० हजार आणि नोंदणीचे ३० हजार खिशातूनच. साडेआठ टक्के दराने वीस वर्षांचा हप्ता सुमारे ४१,६०० रुपये. त्यातले पहिल्या महिन्यात ३४ हजार निव्वळ व्याज. तेव्हा ‘भाडं म्हणजे पाण्यात पैसे’ म्हणणाऱ्यांनी या व्याजालाही काहीतरी नाव द्यावं! अठरा-वीस हजार भाड्यात भागत असेल, तर खरी काटकसर भाडं आणि हप्ता यांतल्या फरकाची. तो दोन वर्षं दरमहा आवर्ती ठेवीत टाकून बघावा. जमलं तर हप्ता झेपेल, शिवाय पाचेक लाख हाताशी येतील.

तोवर भाव चढतील, हा आक्षेप खोटा नाही. पण चढत्या भावाला घाबरून घेतलेलं घर नोकरी गेल्यावर पडेल भावात विकावं लागतं. दर अकरा महिन्यांनी करार, मालकाची मर्जी, मुलांची शाळा, हा जाच मात्र कुठल्याच हिशेबात बसत नाही. त्यापायी थोडं महाग घर घेणं मला गैर वाटत नाही. फक्त त्याला गुंतवणूक म्हणू नये.