फोनमधला पसारा आणि बाईचा पुरावा



या वेळचं संपादकीय अगदी घरगुती वाटणाऱ्या विषयावर आहे. आपल्या फोनमधल्या पसाऱ्यावर. बैठकीत हा विषय निघाला की सगळ्याजणी हसतात, 'माझ्या फोनात तर पाय ठेवायला जागा नाही' म्हणतात आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतात. सुप्रभातची फुलं, बचत गटांचे हिशेब, न उघडलेले शासन निर्णय, कुणाकुणाच्या आधार कार्डांचे फोटो, तास-तासभराची रेकॉर्डिंग. वेळ मिळाला की लावून टाकू, असं आपण म्हणतो. तो वेळ काही मिळत नाही. आमच्या वरवंडच्या केंद्रात आलेल्या बायकांमुळे मला हा विषय हसण्यावारी न्यावासा वाटत नाही.

जवळच्या एका वाडीवरची बाई. नवरा रात्री दारू पिऊन फोनवर बोलून निरोप पाठवायचा. शिव्या, तिच्या भावाला मारण्याच्या धमक्या. सकाळी उतरली की ते 'सर्वांसाठी' पुसून टाकायचा. असं पुसायला दोन दिवसांहून थोडी जास्त मुदत मिळते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. दोन निरोप तिनं पहाटेच उठून भावाला आणि आम्हाला पाठवून ठेवले. पुढे फोन भरला म्हणून अडकायला लागला, तेव्हा दुकानदारानं तो साफ करून दिला आणि उरलेलं होतं नव्हतं ते गेलं. बॅकअप होता, पण तो ज्या खात्यात जात होता ते खातं फोन घेताना दिरानं उघडून दिलेलं. पासवर्ड त्याच्याकडे. 'ताई, तुमच्याकडं हाय की, मी तवाच धाडलंय,' ती म्हणाली. होतंही. हजारो फोटो आणि निरोपांच्या ढिगातून ते शोधायला आम्हा दोघींच्या दोन संध्याकाळी गेल्या. पण पुढे पाठवलेल्या निरोपावर मूळ कुणी पाठवला त्याचं नाव येत नाही, मूळ तारीखही येत नाही. वकीलबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला: हा आवाज त्याचाच आणि त्याच रात्रीचा, हे कशावरून?

कायदा इथे काय म्हणतो ते प्रत्येक कार्यकर्तीला माहीत असायला हवं. जालना विधानसभेच्या २०१४ च्या निवडणुकीवरून झालेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली स्पष्ट केलं की इलेक्ट्रॉनिक नोंदीची नक्कल दाखल करायची तर सोबत कायद्यानं ठरवलेलं प्रमाणपत्र लागतं. मूळ उपकरणच कोर्टात आणून मालकानं साक्ष दिली तर ते लागत नाही. १ जुलै २०२४ पासून पुराव्याचा नवा कायदा, भारतीय साक्ष्य अधिनियम, लागू झाला. त्याच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत आणि दुसरा भाग तज्ज्ञानं भरायचा आहे. तालुक्याच्या गावी असा तज्ज्ञ शोधायचा कुठे, हा प्रश्न वेगळाच. कौटुंबिक न्यायालयाला १९८४ च्या कायद्याच्या कलम १४ नं पुराव्याच्या बाबतीत बरीच मोकळीक दिली आहे, पण फौजदारी तक्रारीत ती मिळत नाही. थोडक्यात, बाईचा मूळ फोन, त्यातला मूळ निरोप, ही मोलाची वस्तू आहे. आणि तीच सगळ्यात आधी दुकानात साफ होते.

दुसरी बाजूही बघा. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं असा निकाल दिला की नवरा-बायकोचं चोरून केलेलं रेकॉर्डिंगही घटस्फोटाच्या दाव्यात पुरावा म्हणून घेता येईल. त्या खटल्यात रेकॉर्डिंग नवऱ्यानं केलेलं होतं, बायकोचं. वर्षानुवर्षं जपून ठेवलेलं. मला यात नवल वाटलं नाही. आपल्या ऊसपट्ट्यात घराघरांतून बघा: सातबारा, खरेदीखत, कारखान्याच्या पावत्या, सोसायटीचे दाखले पुरुषाच्या कपाटात ओळीनं लावलेले असतात. बाईचे कागद डब्याच्या तळाशी, गादीखाली, माहेरी. आता फोनमध्येही तेच झालं आहे. तिच्या फोनवर मुलं खेळतात, शाळेचे निरोप येतात, नणंद फोटो काढते. तिचा असा कप्पा त्यात नाही.

आणि आपल्या कार्यकर्त्यांचा पसारा? तोही काही आपल्या आळसानं झालेला नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाईल परत केले, ते आठवा. कमी क्षमतेचे, सारखे अडकणारे फोन, दुरुस्तीचा भुर्दंड बाईवर आणि वर माहिती भरायचं ॲप इंग्रजीत. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली तेव्हा अर्ज भरायला पुन्हा सेविका, आशा, बचत गटाच्या ताया. अर्जामागे ५० रुपये मोबदला जाहीर झाला. त्या घाईत किती जणींच्या आधार कार्डांचे, रेशन कार्डांचे, बँक पासबुकांचे फोटो किती जणींच्या खासगी फोनमध्ये येऊन पडले! योजनेचं काम पुढे गेलं, कागद फोनमध्येच राहिले. ते कधी पुसायचे, कुणी पुसायचे, हे कुणी सांगितलं नाही. माहिती गोळा करण्याच्या कामाची मोजदाद होते. ती लावून ठेवणं हे घरातल्या आवराआवरीसारखं धरलं जातं, म्हणजे बिनमोबदल्याचं.

मग सगळं पुसून टाकावं का? एक मैत्रीण म्हणाली, 'जपून ठेवलं म्हणून तर ताराबाई शिंदे आपल्याला मिळाल्या.' खरं आहे. 'स्त्री-पुरुष तुलना' १८८२ साली पुण्यात छापली, पाचशे प्रती, किंमत नऊ आणे, आणि विस्मरणात गेली. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ती पुन्हा प्रकाशित केली नसती तर आपल्या शिबिरांतून ती वाचली गेली नसती. पण ताराबाईंनी ते छापायला लिहिलं होतं. आपल्या फोनमधलं रडणं, अंगावरच्या वळांचे फोटो, हे त्या बाईनं सुटका व्हावी म्हणून आपल्या हाती दिलेलं आहे. उद्या आपला फोन हरवला, किंवा घरातल्या पोरानं सहज उघडला, तर? जपणं आणि पुसणं या दोन्हीचा हक्क तिचा आहे आणि तो तिला विचारल्याशिवाय बजावता येणार नाही.

आम्ही वरवंडला एवढं सुरू केलं आहे. बाई पहिल्यांदा आली की मूळ निरोप तिच्याच फोनवर ठेवायला सांगतो आणि फोन दुकानात देण्याआधी आमच्याकडे आणायला सांगतो. खातं कुणी उघडलं, पासवर्ड कुणाकडे, हे विचारतो आणि तिच्या सोबत बसून बदलतो. (बदललेलं घरात लक्षात येऊन मारहाण वाढू शकते, म्हणून कधी बदलायचं ते तीच ठरवते.) निरोप आलेल्या दिवशीच वहीत तारीख, वेळ, नंबर आणि त्यातले शब्द तिच्या हातानं, नाहीतर तिच्या सांगण्यावरून लिहून सही किंवा अंगठा. कार्यकर्तीच्या खासगी फोनवर केसचं काहीही राहू द्यायचं नाही. महिन्यातली एक दुपार फक्त लावालावीची, आणि ती कामाचे तास म्हणून धरायची. पुढच्या प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात हे तास आणि संस्थेचा एक स्वतंत्र फोन आम्ही मागितला आहे. ही बाब देणगीदारांना किरकोळ वाटते असा आजवरचा अनुभव. या खेपेला ती वगळू द्यायची नाही असं ठरवलं आहे.

एक गोष्ट मात्र आमच्यात अजून ठरत नाही. केस मिटली, बाई नांदायला गेली, नंबर बदलला, आता ती भेटत नाही. तिचं रेकॉर्डिंग आमच्याकडे आहे. निम्म्याजणी म्हणतात पुसा, निम्म्याजणी म्हणतात ती परत आली तर काय दाखवणार? तुमच्या गटात याचं काय करता, ते आम्हाला कळवा. पुढच्या अंकात तुमच्या पत्रांसाठी पानं राखून ठेवली आहेत.